तेरेक गल्लीचा पाइप

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या आराखडा कचेरीत ऊलकान एर्मेकोव्नाला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि कचेरीबाहेर तिला कामावरून ओळखणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. काम तसं बिनचेहऱ्याचंच. पावसाचं पाणी रस्त्याखालून न्यायला केवढा पाइप लागेल, तो किती उतारावर बसवायचा, चेंबर कुठे घ्यायचं, हे ती ठरवते. पंप नाही, मोटर नाही. पाणी आपल्या वजनाने उतरत उतरत अक-बूरा नदीला मिळतं. मिळालं तर ऊलकानचं नाव कोणी काढत नाही. नाही मिळालं तर सगळी गल्ली काढते, आईबापासकट.

बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, रुमालाची गाठ मानेमागे, चष्मा दोरीला. टेबलाच्या खणात एका बाजूला रबरी बूट आणि दुसऱ्या बाजूला खारवलेल्या दह्याचे वाळके गोळे, जे ती दिवसभर चघळत असते आणि कोणाला देत नाही. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. स्वभाव तिखट. फोनवर कोणी "जरा लवकर होईल का?" असं विचारलं की ती उत्तर न देता फोन ठेवते. नवरा जेनिश शहर बसवर ड्रायव्हर आहे. तो चारचौघांत सांगतो, "आमच्या घरात मी रस्त्यावरचा आणि ही रस्त्याखालची. म्हणून तर संसार टिकला."

ती शिकली तेव्हा हिशेब पट्टीवर आणि तक्त्यांवर व्हायचे. कॉम्प्युटरवरचं पाइपांचं सॉफ्टवेअर कचेरीत आलं तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. बरोबरीच्या बायका घाबरल्या. ऊलकानला कोणाला काही विचारायचा भारी कंटाळा, त्यामुळे ती एकटीच बसून एका हिवाळ्यात सगळं शिकली. त्या सॉफ्टवेअरला ती केलिन म्हणते. केलिन म्हणजे सून. "सांगाल तेवढं निमूट करते," ती म्हणते, "पण न सांगितलेलं काडीचं करत नाही. चुलीवर दूध ठेव म्हटलं की ठेवणार. उतू गेलं तर बघत उभी राहणार."

ही केलिन पडद्यावर गल्लीचा उभा छेद काढते. तपकिरी रेघ म्हणजे जमीन. तिच्याखाली पाइप. पाइपात निळी रेघ म्हणजे पाणी. निळी रेघ तपकिरी रेघेच्या खाली राहिली की सगळं ठीक. वर गेली की पाणी लोकांच्या उंबऱ्यात. ऊलकानचं अख्खं आयुष्य ही निळी रेघ खाली दाबून ठेवण्यात गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

तेरेक गल्लीचं काम आलं तेव्हा ते तिने मागून घेतलं, कारण ते तिचं माहेर. आईबाप गेले, घर विकलं गेलं, पण गल्ली तीच. डोंगराकडून सुरू होऊन बऱ्या उताराने खाली येते आणि शेवटी वळणावर सपाट होते. दोन्ही बाजूंना झाडं, आणि एका कडेने उघडा पाट. वसंतापासून शरदापर्यंत वरच्या कालव्याचं पाणी त्या पाटात सोडलेलं असतं. जर्दाळू, तुती, भाजीचे वाफे सगळं त्यावर. पावसाचं पाणीही त्याच पाटातून जातं. गल्लीच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस तो मुराप, म्हणजे आपला पाटकरी. ऊलकानचा बाप एर्मेक त्या गल्लीचा शेवटचा मुराप. त्याच्यामागे ते बिनपगारी काम कोणी घेतलं नाही.

अलीकडे वसंतातल्या वळवाने गल्लीला जेरीस आणलं होतं. गेल्या एप्रिलमधे तर एका दुपारच्या पावसात खालच्या वळणावरच्या सादात अपाच्या घरात गुडघाभर गढूळ पाणी शिरलं आणि स्वयंपाकघराची भिंत बसली. कच्च्या विटांचं घर. असा आणखी एक एप्रिल त्या घराला सोसणार नव्हता, आणि शेजारच्या दोन-तीन घरांचीही तीच गत. म्हणून ठरलं, की पाट बंद करायचा, खालून पाइप घालायचा, वर रस्ता रुंद करायचा. झाडांसाठी वर कडेने हातभर रुंदीची उथळ नाली ठेवायची, तिचं उरलेलं पाणी पाइपातच सोडायचं. गल्ली खूश.

ऊलकानने केलिनला सगळं सांगितलं. किती पत्र्यांची छपरं झाली, किती डांबर पडलं, किती अंगणं काँक्रीटची झाली. सगळे म्हणत होते की पूर येतो तो या पत्र्यांमुळे आणि डांबरामुळे, आणि ते खोटं नव्हतं. मग तिने गेल्या एप्रिलचा पाऊस घातला आणि आधी जुना पाट तपासला. केलिन म्हणाली, पाट काठोकाठ भरेल, पण सांडणार नाही. सादात अपाच्या भिंतीवर मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ अजून होती.

ऊलकानने कपाळाला आठ्या घातल्या. मग तिला वाटलं, कचरा. फाटकांपाशी पाटावर सिमेंटच्या मोऱ्या आहेत, त्या तुंबल्या असणार. तिने मोऱ्या निम्म्या बुजलेल्या धरल्या. निळी रेघ चढली आणि थेट सादात अपाच्या भिंतीवरच्या रेघेला जाऊन भिडली. जुळलं म्हटल्यावर तिने चहा मागवला. नव्या पाइपात मोऱ्या नाहीत, तेव्हा साठ सेंटीमीटरचा पाइप पुरेल असं निघालं. तिने सही केली. शरदात कालव्याचं पाणी बंद झालं तसे पाइप येऊन गल्लीत पडले आणि खोदाई सुरू झाली.

खोदाई सुरू झाल्यावर ऊलकान बूट घालून पाहायला गेली. वळणावर सादात अपा फाटकात उभी होती. सत्तरीची बाई, पण जीभ तरणीताठी.

"ये, ये. गल्लीची लेक आली," सादात अपा म्हणाली. "आमच्या मोऱ्यांत घाण आहे असं कागदावर लिहिलंस म्हणे. रवशनने वाचून दाखवलं मला."

रवशन तिचा मुलगा. तो मागे उभा राहून हसत होता.

"अपा, घाण नाही लिहिलं. कचरा लिहिलंय."

"मग अत्तर लावून लिहिलंस होय? दर वसंतात आम्ही सगळी गल्ली मिळून अशार करतो. पोरंसोरं, म्हातारे, सगळे फावडी घेऊन पाटात उतरतात. मोठी देगची चढवून पुलाव मी करते, माझ्या हाताने. मोरीत हात घालून बघ, आणि मग बोल."

तेवढ्यात कामगारांनी फाटकापुढची मोरी उचलली. ऊलकान खाली वाकली. आतून मोरी स्वच्छ होती. तळाला चार बोटं गाळ, बस. तिने पुढची उचलायला लावली. तीही तशीच. त्याच्या पुढचीही.

"काय?" सादात अपा म्हणाली. "जेवायला बसशील की नाही त्यात?"

ऊलकानने मान हलवली, आणि कमरेवर हात ठेवून ती उभीच राहिली. मोऱ्या साफ असतील तर पाट सांडायला नको होता. पाट तर सांडला. म्हणजे तिने न मोजलेलं पाणी कुठून तरी आलं होतं. आणि ते कुठून आलं हे कळेपर्यंत तिच्या पाइपाच्या मापाला काही अर्थ नव्हता. सही मात्र होती.

ती गल्ली चढून वर गेली. माथ्यावर कालवा आहे, आणि कालव्यातून पाट जिथे फुटतो तिथे लोखंडी झडप. झडप पूर्ण वर होती आणि तिचं चाक तिथेच गंजून बसलेलं. शेजारच्या खोपटात कालव्याचा राखणदार होशिम अका सामसा खात बसला होता.

"अका, ही झडप कोण बंद करतं?"

"कोणी नाही. तुझा बाप गेला तेव्हापासून ही उघडीच आहे. शरदात कालवाच कोरडा पडतो, मग बंद कशाला करायची?"

"आणि पाऊस आला तर?"

"आला तर येतो."

"नाही, म्हणजे, पाऊस आला की पाटाचं पाणी बंद होतं ना?"

होशिम अकाने सामसा खाली ठेवला. "आपोआप?"

खरं म्हणजे ऊलकानला तसंच वाटत होतं. लहानपणापासून तिने पाहिलं होतं, की पाऊस सुरू झाला की पाटातलं कालव्याचं निळसर पाणी हटतं आणि नुसतं पावसाचं लाल पाणी वाहायला लागतं. ऊन पडलं की सावली पडते इतकं ते तिला साधं वाटत आलं होतं. ते कोण करतं हा प्रश्न तिला पडला नव्हता. शिकताना नाही, आणि तीस वर्षं पाइप बसवतानाही नाही. म्हणून तर तिने केलिनला पाटाचं पाणी सांगितलंच नव्हतं.

"अगं पोरी," होशिम अका म्हणाला, "कालव्याला काय कळतं पाऊस आला ते? डोंगरावर ढग काळा झाला की एर्मेक धावत वर यायचा. दिवस असो, रात्र असो. चाक फिरवायचा, झडप पाडायचा, मला दोन शिव्या द्यायचा, चहा प्यायचा आणि परत जायचा. मी कालव्याचा माणूस. तुमच्या झडपेला मी हात लावला तर उद्या गल्ली म्हणेल, होशिमने पाणी चोरलं."

"हे कोणाला माहीत होतं?"

"मला होतं. त्याला होतं. अजून कोणाला कशाला हवं?" त्याने तिच्यासाठी वाडग्यात चहा ओतला. "तुझ्या लग्नातसुद्धा आला होता. नवा सूट, डोक्यावर पांढरी कलपाक, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, वेड्या, लेकीचं लग्न टाकून आलास? तर म्हणाला, पंगत खालच्या अंगणात बसलीय."

ऊलकानच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्या दिवशीचं तिला सगळं आठवत होतं. निरोपाची वेळ झाली, वडीलधाऱ्यांनी तळहात वर करून आशीर्वाद द्यायचा, आणि पहिला मान बापाचा. बाप जागेवर नव्हता. पंगतीतून उठून गेलेला, कोणालाही न सांगता. शेवटी चुलत्याने वेळ मारून नेली. सासरच्यांनी पुढे वर्षभर ऐकवलं, की हिच्या बापाला लेकीपेक्षा लोकांची पाणीभांडणं मोठी. ऊलकाननेही तेच धरून ठेवलं. बाप आजारी पडला तेव्हा तिने त्याचं सगळं केलं, पण जे मनात होतं ते मनातच राहिलं, आणि तो गेला.

कचेरीत परत येऊन तिने केलिनला पाटाचं पाणी सांगितलं. मोऱ्या साफ, झडप उघडी, गेल्या एप्रिलचा पाऊस. निळी रेघ कोणतीही लबाडी न करता थेट भिंतीवरच्या खुणेवर जाऊन बसली. मग तिने आपला नवा, साठचा पाइप घातला. झाडांच्या नालीचं पाणी शेवटी त्याच पाइपात उतरत होतं, आणि झडप तीच. रेघ वळणापर्यंत नीट आली आणि तिथे जमिनीच्या वर गेली, बरोबर सादात अपाच्या दारात. झडप पाडली तर रेघ खाली. उघडली तर वर. म्हणजे तिचा पाइप पुरणार होता, पण एका माणसाच्या भरवशावर, आणि तो माणूस आता नव्हता.

मग तिने एक गोष्ट केली, जिचा कामाशी काही संबंध नव्हता. जुनी गल्ली घातली; मातीची छपरं, डांबर नाही, सिमेंटच्या मोऱ्या नाहीत. पाऊस लग्नाच्या दिवशीचा, साधारण आठवणीतला. झडप उघडी. निळी रेघ पाटाबाहेर आली आणि ज्या अंगणात तिच्या लग्नाची पंगत बसली होती त्यावरून पसरत गेली.

तिला आधी राग आला. स्वतःचा, आणि मग बापाचा. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? लेकीला नाही तर निदान आईला? आणि मग त्याची इतकी आठवण आली, की पडदा तसाच सोडून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडली की नाही हे विचारायची कचेरीत कोणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. कुबात एशेनोविच माणूस वाईट नाही, पण झालेलं काम पुन्हा करायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखायला लागतं.

"ऐंशीचा पाइप लागेल," ऊलकान म्हणाली.

"साठचे येऊन पडलेत, ऊलकान एर्मेकोव्ना."

"ते दुसऱ्या गल्लीला वापरा. इथे ऐंशी."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, झडप उघडी असतानाही ऐंशीत रेघ खाली राहते तो आलेख पाहिला आणि कपाळ चोळलं. "एवढं कशाला? सूचनांमधे एक ओळ टाकू. पाऊस सुरू होताच जबाबदार व्यक्तीने झडप बंद करावी. सगळीकडे लिहितात."

"जबाबदार व्यक्ती एकोणीस वर्षांपूर्वी वारली."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, "नवे पाइप उन्हाळ्याच्या तोंडाशी येतील. तोवर खड्डा उघडा. हिवाळाभर. गल्ली माझ्या दारात येऊन बसेल. गल्लीला हे चालत असेल तर मी वर भांडतो. चालत नसेल तर साठच जाणार. तुम्हीच विचारा त्यांना. माहेर तुमचं आहे."

गल्ली सादात अपाच्या अंगणात जमली. चहा होता, नान होते, आणि चेहरे आंबट होते. ऊलकानने सांगायचं ते सरळ सांगितलं. मोऱ्यांबद्दल तिची चूक झाली हेही सांगितलं, तेव्हा सादात अपाने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"म्हणजे हिवाळाभर आम्ही फळ्यांवरून उड्या मारायच्या?" एकजण म्हणाला. "माझी गाडी काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"मागच्या वेळी म्हणालात साठ पुरे," दुसरा म्हणाला. "पुढच्या वेळी म्हणाल शंभर. तुमचं बोलणं आहे की रबर?"

रवशनला मात्र मार्ग सापडला होता. "ऊलकान एजे, साधी गोष्ट आहे. आहे तोच पाइप घाला. झडप आम्ही बंद करू. पाळ्या लावू. एक आठवडा एका घराचा. इतक्या माणसांत एक झडप पडत नाही होय?"

अंगणात माना हलल्या. सगळ्यांना पटलं. सोपं होतं, आणि खड्डा आठवड्यात बुजणार होता. ऊलकानला दिसलं की हे हातचं गेलं.

"रवशन," ती म्हणाली, "गेल्या एप्रिलमधे तुझ्या आईची भिंत बसली, त्या दुपारी झडप उघडी आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला कोणाला?"

माना आडव्या हलल्या.

"माझा बाप पाऊस आला की वर जाऊन ती पाडायचा. मी लहान होते तेव्हापासून तो मरेपर्यंत. हे माहीत होतं कोणाला?"

सादात अपा हळूच म्हणाली, "तो पावसात धावायचा हे पाहिलंय मी. मला वाटायचं, माणूस जरा हललेला आहे."

"मी त्याची मुलगी," ऊलकान म्हणाली. "आणि पाण्याची इंजिनिअर. मलाही नव्हतं माहीत. इतक्या वर्षांत ज्याची आपल्याला खबरसुद्धा लागली नाही ते काम आपण पाळ्या लावून करणार?"

ज्याची गाडी होती तो नानाचा तुकडा मोडत बसला. शेवटी सादात अपानेच चहाचं वाडगं उलटं करून ठेवलं.

"खड्डा राहू दे," ती म्हणाली. "फळी टाकू. घर माझं आधी पडणार आहे, गाडीवाल्याचं नाही. ऐंशीचाच घाला."

हे तिने म्हटल्यावर कोणाला दुसरं म्हणता येईना. लोक उठायला लागले. फळ्या कोणाकडे आहेत याची बोलणी फाटकापर्यंत गेली.

रवशन मागे राहिला. "एजे, पण पाइप उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार. कालवा मार्चमधे सुटतो. एप्रिल तर आपल्याला असाच काढायचाय. एवढा एक महिना मी बघतो झडपेचं. चाकाला तेल घालून ठेवतो."

"तू?" सादात अपा आतून म्हणाली. "तुला अंगावर पाऊस पडला तरी मला सांगावं लागतं."

"म्हणून तर विचारतोय." रवशन ऊलकानकडे वळला. "पाऊस पडायला लागल्यावर निघालो तर चढून पोचेपर्यंत पाणी खाली आलेलं असेल. एर्मेक अता आधीच निघायचे ना? कुठला ढग पडणार आणि कुठला नुसता जाणार, हे त्यांना कसं कळायचं?"

ऊलकानने सांगायला तोंड उघडलं. डोंगराकडे पाहिलं, मग रवशनकडे.

"ते मी त्याला कधी विचारलंच नाही," ती म्हणाली.